दोन खेळ, एकच गुडघा

कॉर्नर किकवर उंच आलेला चेंडू गोलकीपर एकतर मुठीने ठोसून लांब घालवते, नाहीतर छातीशी कवटाळते. पनवेलच्या एका महाविद्यालयाच्या मैदानावर एसवायच्या एका मुलीने तिसरंच काही केलं. चेंडू यायच्या आधीच तिने मागच्या दोघींना पाठीने थोपवून धरलं, मग सरळ वर उडी घेतली, हात पूर्ण ताणून चेंडू वरच्या वर उचलला आणि खाली येताना दोन्ही कोपरं बाहेर काढली. कडेला उभं असलेलं कुणीतरी ओरडलं, "अरे, रिबाउंड घेतला हिने!" खरंच होतं ते. ही मुलगी सकाळी कॉलेजच्या फुटबॉल संघाचा गोल सांभाळते आणि संध्याकाळी त्याच कॉलेजकडून बास्केटबॉल खेळते. तिचा हा झेल एकदा पाहिला की सराव बघायला पुन्हा जावंसं वाटतं.

सराव इतर कॉलेजांसारखाच: फेऱ्या, ताण, पासिंग, शेवटी दोन संघ पाडून खेळ.

वेगळी आहे ती तिची सॅक. गोलकीपरच्या हातमोज्यांचा तळवा लॅटेक्सचा असतो. तो कडक उन्हात वाळवला तर भेगाळतो, म्हणून सावलीत वाऱ्यावर सुकवायचा. पण पनवेलच्या जुलैमध्ये सावलीत काहीही सुकत नाही. मोजे ओलेच सॅकमध्ये जातात, वर डबा, वर नोट्स. त्या आंबूस रबरी वासाने हार्बरच्या लोकलमध्ये मैत्रिणी तिला खिडकीशी ढकलतात. "बास्केटबॉल बरा," ती म्हणते, "त्याला फक्त हात लागतात." तरीही दुसऱ्या दिवशी बोटांमध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले तेच मोजे घेऊन ती हजर असते.

हातांचाच विषय निघाला आहे तर वजनाचंही बोलू. फुटबॉलचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा. मुलींचा बास्केटबॉल निदान ५१० ग्रॅमचा, म्हणजे कमीत कमी ६० ग्रॅमने जड आणि घेरानेही थोडा मोठा. आदल्या संध्याकाळी बास्केटबॉल झेललेल्या हाताला सकाळचा फुटबॉल हलका वाटतो. उंचीचंही तसंच. गोलचा आडवा खांब २.४४ मीटरवर, बास्केटची रिंग ३.०५ मीटरवर. रिंगकडे बघून उडी मारायची सवय लागलेल्या मुलीला तो खांब ठेंगणा वाटला तर नवल नाही.

ही देवाणघेवाण जुनी आहे. नायजेरियातल्या लागोसमध्ये हकीम ओलाजुवान नावाचा मुलगा फुटबॉलमध्ये गोलकीपर होता आणि हँडबॉल खेळायचा. बास्केटबॉल त्याच्या हाती लागला तो किशोरवयाच्या उत्तरार्धात. १९८४ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये तो पहिला निवडला गेला. त्याच यादीत मायकेल जॉर्डन तिसरा होता. सात फुटी माणसाचे पाय इतके चपळ कसे, याचं श्रेय तो स्वतः फुटबॉलला देत असे.

वेळेचं गणित मात्र दोन खेळांत उलटंपालटं आहे. बास्केटबॉलमध्ये चेंडू हाती आला की २४ सेकंदांत तो रिंगकडे फेकावाच लागतो, त्यामुळे चाळीस मिनिटं डोकं पळत राहतं. गोलकीपर बराच वेळ नुसती उभी असते आणि मग अचानक सगळं तिच्यावर येतं. त्यात २०२५ च्या जुलैपासून नवा नियम आला: गोलकीपरने चेंडू ८ सेकंदांपेक्षा जास्त हातात ठेवला तर समोरच्यांना कॉर्नर. बाकीच्या गोलकीपर या नियमाने धास्तावल्या होत्या. या मुलीला काही वाटलं नाही. घड्याळ मानेवर बसलेलं असण्याची तिला सवयच आहे.

सवयी तापदायकही ठरतात. उंच चेंडूला जाताना गोलकीपर एक गुडघा पुढे उचलते. अंगावर येणारीपासून तेवढाच बचाव. संध्याकाळी बास्केटबॉल कोर्टवर तोच गुडघा समोरचीच्या कमरेत बसतो आणि शिट्टी वाजते. फाउल.

गुडघ्याची खरी गोष्ट याहून गंभीर आहे. उडी मारून उतरणं, धावताधावता एकदम दिशा बदलणं यात गुडघ्याच्या आतला एसीएल हा अस्थिबंध तुटतो आणि मुलींमध्ये हे प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त आहे. ज्या खेळांत हा फरक ठळकपणे दिसतो, त्यांत फुटबॉल आणि बास्केटबॉल दोन्ही आहेत. म्हणजे सकाळी मातीवर आणि संध्याकाळी सिमेंटवर एकच गुडघा दोनदा राबतो. त्यावर उपाय फार महाग नाही. '११+' नावाचा वीसेक मिनिटांचा वॉर्मअप फिफानेच तयार करून घेतला आहे: एका पायावर तोल सांभाळणं, प्लँक, मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम, नीट उतरायचा सराव. त्याने दुखापती घटतात हे तपासून झालं आहे. लागतो तो फक्त वेळ, आणि "चला, चला, उशीर होतोय" न म्हणणारा एक माणूस.

अमेरिकेतल्या कॉलेजांत अशा दुहेरी खेळाडूंची मोठी परंपरा आहे. त्यांचा फुटबॉल वेगळा, हातात चेंडू घेऊन धावण्याचा. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा ज्युलियस पेपर्स २००० साली बास्केटबॉलच्या 'फायनल फोर'पर्यंत पोचलेल्या संघात होता. पुढे तो एनएफएलचा नामांकित बचावपटू झाला. चार्ली वॉर्डचं उलट झालं. कॉलेज फुटबॉलमधला सर्वोच्च हाइझमन पुरस्कार त्याने १९९३ मध्ये मिळवला आणि कारकीर्द केली ती बास्केटबॉलमध्ये, न्यूयॉर्क निक्सकडून. तिकडे हे जमतं याचं एक साधं कारण आहे: फुटबॉल मुख्यतः शरद ऋतूत आणि बास्केटबॉल मुख्यतः हिवाळ्यात. मोसम थोडेफार एकमेकांवर चढतात, पण पूर्ण आदळत नाहीत.

पनवेलच्या मैदानावर मोसमाची चर्चा होत नाही, चर्चा होते ५ टक्क्यांची. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी कोणता खेळ, कोणती पातळी, कितवा क्रमांक हे सगळं कागदावर दाखवावं लागतं. सराव घेणारे सर मुलींना हेच ऐकवतात, "एक धर आणि त्यात वर जा. ५ टक्के दोन अर्ध्यांना मिळत नाहीत." तिची आई सराव संपायची वाट बघत उभी असते, तीही तेच विचारते: "५ टक्क्यांत कुठला बसेल, सर?" चूक दोघांचीही नाही. पण एकोणीस वर्षांच्या मुलीच्या खेळाचा निकाल असा नोकरीच्या रकान्यावरून लावणं हे कद्रूपणाचं आहे.

निवड लांबवूनही माणसं मोठी झाली आहेत. चुनी गोस्वामी १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय फुटबॉल संघाचे कर्णधार होते. दहा वर्षांनी तेच बंगालचे कर्णधार म्हणून मुंबईविरुद्ध रणजीची अंतिम लढत खेळले. अगदी शेजारचं उदाहरण हवं तर वांद्र्याची जेमिमा रॉड्रिग्ज. लहान वयोगटात ती महाराष्ट्राकडून हॉकीही खेळली, मग क्रिकेट निवडलं. ३० ऑक्टोबर २०२५ ला पनवेलपासून लोकलच्या काही स्थानकांवर, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावांचा पाठलाग करताना तिने नाबाद १२७ केल्या. तिने क्रिकेट निवडलं, पण हॉकी खेळून झाल्यावर.

विद्यापीठ संघातून खेळायची वयोमर्यादा पंचवीस आहे. त्या मुलीच्या हातात अजून काही वर्षं आहेत आणि तोवर तिला दोन्ही खेळू द्यावं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या तारखा ठरवणाऱ्यांना एकच विनंती: मुलींचा फुटबॉल आणि मुलींचा बास्केटबॉल यांच्यात निदान एक आठवडा मोकळा ठेवा.