डोक्याला बसेल अशी पगडी

लग्नाच्या फोटोंत नवरदेव एका हाताने पगडी सावरताना हमखास दिसतो. भाड्याची पगडी दुसऱ्याच कुणाच्या मापाची असते ना!

फेटा डोक्यावरच बांधतात, म्हणून तो कुणालाही बसतो. पगडी मात्र आधीच बांधून पक्की केलेली. टोपीसारखी घालायची नि काढून ठेवायची. तिला माप हवंच. टेप कपाळाच्या मध्यावरून, कानांच्या किंचित वरून, मागच्या फुगीर भागाभोवती फिरवा. एक बोट आत जाईल एवढी सैल ठेवा आणि आकडा सेंटिमीटरमध्ये लिहून घ्या.

स्नेहलतागंजच्या आमच्या घरी आजोबांची काळी टोपी आहे. ती ५६ची, माझं डोकं ५८चं. म्हणून भाच्याच्या मुंजीत मी माप देऊन पगडी करून घेतली. दिवसभर हात मोकळे राहिले!

पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या इंदूरची ओळख होळकरी पगडी, ग्वाल्हेरची शिंदेशाही. पण मानांकनाने कारागिराचं घर चालत नाही, मागणीने चालतं. सगळेच भाड्याने आणू लागले, तर डोक्याचं माप घेणारे हात उरणार कसे? घरात कार्य ठरलं की हॉलच्या आधी माप घ्या.