आधी कुणाला ओळखलं होतं?

५ जून २००३ च्या रात्री जालना जिल्ह्यात भोकरदनजवळच्या एका शेतवस्तीवर दरोडा पडला. पैसे-दागिने गेले, पाच जणांचे जीव गेले. जबर जखमी होऊनही एक बाई वाचली. दोनच दिवसांनी पोलिसांनी तिच्यासमोर सराईत गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम ठेवला आणि तिने त्यातले चार जण ओळखले. खटला मात्र उभा राहिला तो भटक्या जमातीतल्या वेगळ्याच सहा जणांवर. कोर्टात प्रत्यक्षदर्शींनी त्यांच्याकडेही बोट दाखवलं. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठोठावली. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने फेरसुनावणीत त्यांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. अल्बममधल्या त्या चौघांना सोडून देऊन या सहा जणांना का पकडलं, याचं उत्तर तपासात सापडत नव्हतं.

ती बाई खोटं बोलली का? मला तसं वाटत नाही. चुकीची ओळख पटायला खोटं बोलावं लागतच नाही.

भीतीने प्रसंग मनावर कोरला जातो, ही आपली ठाम समजूत. अमेरिकी सैन्यातल्या पाचशेहून अधिक जवानांवर झालेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. नकली युद्धकैदी छावणीत त्यांची उलटतपासणी झाली, काहींची दमदाटी आणि धक्काबुक्कीसह. ज्यांना असं घाबरवलं होतं, त्यांना तो अधिकारी नंतर ओळखायला जास्त जड गेलं. चेहरा तर अर्ध्या तासाहून अधिक वेळ समोर होता. दरोड्यात एवढा वेळ कोण देतो? त्यात हातात सुरा असला की नजर चेहऱ्यापेक्षा सुऱ्यावरच खिळते.

पण स्मृतीत खरी ढवळाढवळ होते ती नंतर. गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफिल्ड यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग यासाठी मुद्दाम पाहण्यासारखा आहे. लोकांना दुकानात शिरणाऱ्या एका माणसाचं अस्पष्ट चित्रीकरण दाखवलं. मग सांगितलं, यानेच पुढे सुरक्षारक्षकाला गोळी घातली. आता या फोटोंतून त्याला ओळखा. फोटोंत तो माणूस नव्हताच. तरी प्रत्येकाने कुणाला तरी निवडलं. त्यातल्या काहींना संशोधक सहज म्हणाले, ‘छान, संशयिताला बरोबर ओळखलंत.’ एवढ्या एका वाक्याने त्यांची खात्री फुगली. चेहरा नीट दिसला होता, लक्षही होतं, असं ते सांगू लागले. म्हणजे शाबासकीने पुढचा आत्मविश्वास तर वाढलाच, पाहिल्याची आठवणही बदलली. पोलीस ठाण्यात असं वाक्य किती सहज तोंडून जात असेल!

म्हणून जॉन विक्स्टेड, वेल्स वगैरे संशोधकांचं म्हणणं असं, की संशयिताबद्दल साक्षीदाराची स्मृती एकदाच तपासावी. पहिल्या निवडीनंतर तो चेहरा ओळखीचा झालेला असतो. पुढच्या वेळी गुन्हेगार आठवतोय की परेडमधला माणूस, हे साक्षीदारालाही सांगता येत नाही. ओळख परेड नीट घेतलेली असेल, तर पहिल्याच वेळी व्यक्त झालेली खात्री बऱ्यापैकी भरवशाची ठरते. वर्षांनंतरच्या खात्रीचं तसं नाही.

आपला कायदा नेमका उलटा चालतो. कोर्टात आरोपीला ओळखणं हा मूळ पुरावा, आणि ओळख परेड त्याला नुसता दुजोरा. आरोपीच्या पिंजऱ्यात कोण उभं आहे हे साक्षीदाराला आधीच ठाऊक असतं, तरीही! परेडला नियम आहेत: एका संशयितामागे निदान अर्धा डझन डमी, तेही साधारण त्याच अंगकाठीचे, पोलिसांनी तिथे थांबायचं नाही. पण परेडीआधी आरोपीला बुरखा घातला होता का, त्याचा फोटो पेपरात आला होता का, हे बचावाच्या वकिलाला उलटतपासणीत खणून काढावं लागतं.

अपिलात वरचं न्यायालय साक्षीदाराला बघत नाही, फक्त कागद वाचतं. साक्षीदाराची देहबोली खालच्या न्यायाधीशांनी पाहिलेली असते, म्हणून त्यांच्या मताला मान द्यायचा, हा जुना संकेत. मला हे तितकंसं पटत नाही. देहबोलीतून दिसते ती आजची खात्री, आणि तीच तर फुगलेली असू शकते. कागदावर तारखा असतात. फिर्यादीत वर्णन काय होतं, अटक कधी, परेड किती दिवसांनी, त्याआधी अल्बम दाखवला का. दरोड्याच्या किंवा जबरी चोरीच्या शिक्षेविरुद्धचं अपील बऱ्याचदा याच फटींवर उभं राहतं आणि भोकरदनचं प्रकरणही शेवटी अल्बमच्या नोंदीवरच उलटलं.

ती नोंद धड व्हावी, याची सोय अजून अर्धवट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ओळख परेडचं चित्रीकरण बंधनकारक आहे ते साक्षीदार शारीरिक वा मानसिकदृष्ट्या दिव्यांग असेल तेव्हा. बाकीच्यांच्या वेळी पंचनामा. साक्षीदार बोट दाखवण्याआधी किती वेळ थबकला, ‘हाच’ म्हणाला की ‘हाच वाटतो’ म्हणाला, हे त्यात लिहायचं की नाही, ते लिहिणाऱ्यावर.