घर ओढून नेताना

दसरा उलटला, की छत्रपती संभाजीनगरातून जाणाऱ्या रस्त्यांवर चालती बिऱ्हाडे दिसू लागतात. पुढे ट्रॅक्टर, मागे एकाला एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या. त्यांत पत्रे, बांबू, धान्याची पोती, एखादी शेळी आणि या सगळ्यावर बसलेली लेकरे. परदेशात लोक हौसेने मोटारीमागे घर जोडतात. आपल्या ऊसतोड कामगाराला ते पोटासाठी जोडावे लागते.

हे घर ओढणे सोपे नाही. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. कन्नडच्या औट्रम घाटासारख्या उतारावर मागचे वजनच ट्रॅक्टरला ढकलू लागते. म्हणून उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा; डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करणे म्हणजे मरणाला आवतण. शेतात वळण्यासाठी सुटे ठेवलेले ब्रेकचे दोन पेडल रस्त्यावर येताच खिट्टी लावून जोडलेच पाहिजेत. नाहीतर एकच चाक थांबते आणि ट्रॅक्टर आडवा होतो. हूकच्या पिनेला क्लिप, जोडीला जाड साखळी, जड सामान तळाशी आणि मागे तांबडे रिफ्लेक्टर, एवढे तर हवेच.

पण खरा नियम एकच: ट्रॉली मालासाठी असते, माणसांसाठी नाही. सामान ट्रॉलीतून जावे, माणसे एसटीने. त्या तिकिटांचा खर्च मजुराच्या उचलीतून न कापता कारखान्याने सोसावा. साखरेच्या हिशेबात तो फार मोठा नाही. अंधारात उलटलेल्या ट्रॉलीखालच्या लेकराचा हिशेब मात्र कुठल्याच मुकादमाच्या वहीत बसत नाही.