सामाईक नाली तुंबली, तर दुरुस्ती कुणाची?

तीन घरांचं सांडपाणी एकाच नालीतून जातं. ती तुंबली, की पहिलं भांडण आपल्या बायकांतच लागतं. मग ग्रामपंचायत बघेल म्हणून सगळ्या थांबतो. डास मात्र थांबत नाहीत.

हिशोब सोपा आहे. आपल्या मोरीपासून गटारापर्यंतची नाली ज्या घराची, दुरुस्ती त्या घराची. तिच्यात तीन घरांचं पाणी असेल, तर खर्च तिन्ही घरांचा. जिच्या दारात तुंबलं, तिच्या एकटीचा नव्हे. वरच्या घरांचंही पाणी तिथूनच जातं ना! रस्त्याकडेचं सार्वजनिक गटार मात्र पंचायतीचं. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यात त्याची दुरुस्ती पंचायतीच्या कामांत धरली आहे.

म्हणून भांडणाआधी बघू, अडलंय कुठे? आपल्या नालीत असेल, तर खर्च वाटून घेऊ आणि वहीत सह्या करू. गटारात असेल, तर पंचायतीत लेखी अर्ज देऊ, पोच घेऊ, ग्रामसभेत विषय मांडू.

संडासाची टाकी भरली, तर गाडी बोलवायची. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस आत उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. आतल्या वायूने जीव जातो.