ज्वारीतील ल्युसीन आणि जिवाणूंची साक्ष

पैनगंगेपलीकडे विदर्भाला खेटून असलेल्या तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात मराठी, गोंडी आणि तेलुगू या भाषा एकत्र नांदतात. ज्वारी हे तेथील पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न. दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरिबांमध्ये एकेकाळी पेलाग्रा हा आजार आढळत असे. उन्हाला उघड्या राहणाऱ्या त्वचेवर काळपट चट्टे, जुलाब आणि मानसिक विकार ही त्याची लक्षणे. नायसिन या जीवनसत्त्वाची उणीव हे त्याचे ज्ञात कारण; परंतु आपण गोमंतकीय रोज खातो त्या सडलेल्या तांदळापेक्षा ज्वारीत नायसिन कमी नसते. मग हा आजार ज्वारी खाणाऱ्यांनाच का व्हावा?

हैदराबाद येथील पोषण संशोधन संस्थेचे डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ल्युसीन या अमिनो आम्लाकडे बोट दाखवले. ज्वारीत ते विपुल असते आणि त्याच्या अतिरेकामुळे शरीरातील नायसिनची घडण बिघडते, असा त्यांचा सिद्धांत होता. पुढे त्यावर बराच वाद झाला. मात्र अशा वादात धान्यातील ल्युसीनचे मोजमाप अचूक असणे अगत्याचे ठरते.

आधुनिक यंत्रे रुळण्यापूर्वी हे मोजमाप जिवाणूंकडून करवून घेत. ‘लॅक्टोबॅसिलस अ‍ॅराबिनोसस’ या जिवाणूला ल्युसीन स्वतः तयार करता येत नाही. त्याला साखर, क्षार, जीवनसत्त्वे आणि इतर अमिनो आम्ले असलेले, पण ल्युसीन वगळलेले पोषक माध्यम द्यायचे. त्यात ज्वारीच्या प्रथिनांचे आम्लाने विघटन करून मिळवलेला अर्क मोजून घालायचा. जितके ल्युसीन, तितकी वाढ. द्रावणाचा गढूळपणा किंवा तयार झालेले लॅक्टिक आम्ल यांवरून ती कळते.

पण ही साक्ष तपासून घ्यावी लागते. अर्कातील अन्य एखाद्या घटकामुळे वाढ झाली नाही ना? त्यासाठी अर्कात ठाऊक प्रमाणात ल्युसीन मिसळतात. उत्तर नेमके तेवढेच वाढले पाहिजे.

माध्यमातील ल्युसीन घटले, एवढ्यावरून जिवाणूंनी ते शोषले असेही म्हणता येत नाही. म्हणून एक नळी जिवाणूंविना ठेवतात. तेथेही घट दिसली, तर ल्युसीन आपोआप नष्ट होत आहे. दुसऱ्या नळीत मृत जिवाणू घालतात. तेथील घट पेशींना वरवर चिकटलेल्या ल्युसीनची असू शकते. किरणोत्सारी कार्बनची खूण असलेले ल्युसीन जिवंत पेशी धुतल्यानंतरही त्यांच्या प्रथिनांत सापडले, तर मात्र ते आत गेले यात शंका उरत नाही.

गरिबाच्या भाकरीवर दोष ठेवण्यापूर्वी एवढी काटेकोर उलटतपासणी आवश्यकच होती. आज पेलाग्रा विरळ झाला आहे. भाकरीला डाळ, शेंगदाणे आणि दुधाची जोड मिळत असेल, तर ज्वारीची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.