बारशापूर्वींची तपासणी

डॉ. आनंदीबाई जोशी यांचें नांव ज्या घरांत ठाऊक नाहीं असें सुशिक्षित घर महाराष्ट्रांत विरळाच. परंतु अमेरिकेंत वैद्यकीची पदवी घेतल्यावर १८८६ सालीं त्यांची नेमणूक झाली ती आमच्या कोल्हापुरास, आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागावर, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें. कामावर रुजू होण्यापूर्वींच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, त्या पुण्यास निवर्तल्या. तें रुग्णालय आज छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, लोकांच्या तोंडीं नुसतें 'सीपीआर', म्हणून चालू आहे. आनंदीबाईंना वयाच्या चवदाव्या वर्षीं मुलगा झाला होता; तो अवघे दहा दिवस जगला. पुढें पदवीसाठीं त्यांनीं जो प्रबंध लिहिला, तोही हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावरच.

दहा दिवस म्हणजे आपल्याकडील सोयराचा काळ. बाळंतिणीला व बाळाला कोणीं शिवावयाचें नाहीं, खोलींत उजेडवारा येऊं द्यावयाचा नाहीं, ही जुनी रीत. मुलाच्या आयुष्यांत सर्वांत धोक्याचा काळ तोच, आणि त्यास नखशिखांत पाहण्याची गरज त्याच काळांत अधिक.

असें पाहणें ही परकी कल्पना आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. चरकसंहितेच्या शारीरस्थानांत, आठव्या अध्यायांत, मूल उपजतांच निपचित असेल तर कानाशीं दगडावर दगड वाजवावा, तोंडावर गार किंवा ऊन पाणी शिंपडावें, सुपानें वारा घालावा, असे उपाय सांगितले आहेत. नामकरणाच्या प्रसंगीं बालकाची परीक्षा करण्यास सांगून केसांपासून पायांपर्यंत एकेका अवयवाचें लक्षणही दिलें आहे. मलमूत्र, झोंप, रडणें, स्तनपान हींही त्यांतून सुटलीं नाहींत. हेतु आयुर्मान जाणण्याचा होता, हें खरें. तरीपण मूल उघडें करून क्रमाक्रमानें पाहावें ही शिस्त त्यांत स्पष्ट आहे, आणि ती आपण मध्यें कोठेंतरी गमावली.

आजची पहिली परीक्षा जन्मानंतर पहिल्या व पांचव्या मिनिटाला होते. रंग, हृदयाची गति, श्वास, हालचाल व चेतवल्यावर मिळणारा प्रतिसाद हे पांच विषय, प्रत्येकास दोन गुण. ही रीत डॉ. व्हर्जिनिया ॲपगर या अमेरिकन विदुषींनीं १९५३ सालीं प्रसिद्ध केली. (आम्हां मास्तरांना गुणपत्रिका फार प्रिय, म्हणून सांगून ठेवतों कीं, या गुणांवरून मुलाची पुढील हुशारी ठरत नाहीं.)

खरी सविस्तर तपासणी त्यानंतरची. ती पहिल्या दिवसांत व घरीं जाण्यापूर्वीं व्हावी. वजन अडीच किलोहून कमी आहे काय, डोक्याचा घेर किती (पूर्ण दिवसांच्या मुलाचा तो सुमारें ३३ ते ३५ सेंटिमीटर असतो), हें मोजतात. मराठींत डोक्यावरील मऊ जागेला टाळू म्हणतात आणि तोंडांतील छतालाही टाळूच. डॉक्टर दोन्ही पाहतात. तोंडांतील टाळूस मागच्या बाजूस फट असली तर ओठ पाहून ती कळत नाहीं. मूल दूध ओढीत नाहीं, आणि दोष आईच्या दुधावर येतो. पाठीचा कणा, गुदद्वार, वळलेलीं पावलें, डोळ्यांच्या बाहुलींतील लाल चमक हीं पाहिलीं जातात. मांड्या बाजूस उघडून खुब्याचा सांधा सुटा तर नाहीं ना, हेंही पाहतात. मुलाचे पाय ताठ करून करकचून गुंडाळण्याची चाल या सांध्यास घातक आहे. हृदयाचे कांहीं जन्मजात दोष कानाला ऐकूं येत नाहींत. उजव्या हाताला व पायाला लहानसें यंत्र लावून रक्तांतील प्राणवायु मोजला म्हणजे ते पकडतां येतात. पहिली काळी शी चोवीस तासांत झाली कीं नाहीं, हें डॉक्टरांपेक्षां आजीला अधिक ठाऊक असतें. तिनें तें आपण होऊन सांगावें.

याहून अवघड दोष ते, जे कोणाच्याच डोळ्यांस दिसत नाहींत. कंठांतील थायरॉइड ग्रंथि जन्मतः अपुरी असलेलें मूल गोजिरवाणें, शांत, 'त्रास न देणारें' वाटतें. लक्षणें स्पष्ट होतात तोंवर मेंदूचें नुकसान होऊन गेलेलें असतें. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास टांचेंतून रक्ताचे चार थेंब टिपकागदावर घेतले कीं हा दोष कळतो, आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल बहुधा इतरांसारखेंच वाढतें. ही चांचणी सर्वत्र आपोआप होतेच असें नाहीं. ती मागून घ्यावी. 'एवढ्याशा जिवाचें रक्त कशाला' हा वडीलधाऱ्यांचा कळवळा समजण्यासारखा आहे, परंतु तो येथें मुलाच्या हिताआड येतो. आणखी एक अडचण आपल्या रीतीभातींतून निघते. पहिलटकरीण माहेरीं येते, पत्ता सासरचा दिला जातो, आणि दोष दाखविणारा कागद भलत्याच घरीं जाऊन पडतो. नोंदवहींत दोन्ही घरांचे दूरध्वनी क्रमांक लिहवावे.

ऐकण्याचेंही तसेंच. माझ्या शाळेंत एक मुलगा चौथीपर्यंत मठ्ठ म्हणून गणला गेला. एका बाईंनीं त्याच्या पाठीमागें उभ्या राहून हांक मारली, तेव्हां त्याला फारसें ऐकूं येत नाहीं हें उघड झालें. तोंपर्यंत भाषा शिकण्याचीं वर्षें निघून गेलीं होतीं. निजलेल्या बाळाच्या कानांत बोंडकें घालून कांहीं मिनिटांत ही चांचणी होते. ती एक महिन्याच्या आंत, दोषाची निश्चिती तीन महिन्यांच्या आंत व उपाय सहा महिन्यांच्या आंत, असा दंडक आहे.

सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्यें आपल्याच पालघराहून सुरू झाला. त्यांत जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी विनामूल्य होते. घरीं जाऊन बाळ पाहण्याची पद्धतही महाराष्ट्रांतच सिद्ध झाली. गडचिरोलीकडील ३९ खेड्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं गांवच्याच स्त्रियांना नवजात बालकें तपासण्यास शिकविलें. त्या गांवांतील नवजातांचे मृत्यु सुमारें ६२ टक्क्यांनीं घटल्याचें १९९९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झालें.

आतां रुग्णालयांत प्रसूति झाली असली तरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चवदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशीं घरीं येते. पांचवी, सटवी व बारसें यांच्या आगेंमागेंच हे दिवस पडतात. सोयराचें निमित्त सांगून तिला दारांतून परत लावूं नये. तिला बसावयास पाट द्यावा, हात धुण्यास साबण व पाणी द्यावें, आणि बाळ अंधाऱ्या खोलींतून खिडकीपाशीं आणावें. कारण कावीळ दिव्याच्या पिवळ्या उजेडांत ओळखूं येत नाहीं, आणि पहिल्याच दिवशीं अंग पिवळें दिसलें तर आशाताईचीही वाट न पाहतां बाळास रुग्णालयांत न्यावयाचें असतें.