महाडात वर चढा, वाडीत डोंगरापासून लांब व्हा: एकाच पावसाची दोन गणितं

हा या भागाचा लेखी मजकूर. बोलतानाचे अडखळे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

मागच्या भागात आपण बर्फाळ देशांबद्दल बोललो. बर्फ पडायच्या आदल्या संध्याकाळीच शाळा बंद जाहीर होते, रस्ते बंद होतात, लोक दोन दिवसांचं सामान भरून घरात बसतात. त्यावर एक प्रश्न आला: आपल्या महाड-पोलादपूरला कुठे बर्फ पडतो? याचा आपल्याला उपयोग काय?

बर्फ पडत नाही, बरोबर. पण आपलं आयुष्य ठप्प करणारं आपलं स्वतःचं प्रकरण आहेच की. आषाढ-श्रावणात घाट बंद, हायवे बंद, लाईट नाही, नेटवर्क नाही, दूध नाही. बर्फवाल्यांकडून शिकायची गोष्ट एकच आहे, ती म्हणजे निर्णय आधी घ्यायचा. फक्त एक फरक लक्षात ठेवायचा. बर्फ जिथे पडतो तिथेच साचतो, त्यामुळे खिडकीतून बाहेर बघितलं तरी अंदाज येतो. पाऊस तिकडे महाबळेश्वरला पडतो आणि अडकतो आपण, इथे महाडात. त्यामुळे खिडकीतून बघून काही कळत नाही. आकडे बघावे लागतात. आज त्या आकड्यांबद्दल बोलू, आणि जिथे आकडे संपतात त्या वाड्यांबद्दलही.

महाडचा पूर महाडात तयार होत नाही

सावित्री उगम पावते महाबळेश्वरला, समुद्रसपाटीपासून साधारण साडेतेराशे मीटर उंचीवर. महाड समुद्रसपाटीपासून जेमतेम पंधरा-वीस मीटर. आणि दोघांमधलं सरळ रेषेतलं अंतर फक्त तीसएक किलोमीटर. म्हणजे पाणी घसरगुंडीवरून यावं तसं पोलादपूरमार्गे खाली येतं. त्यात रायगडाच्या बाजूने गांधारी येऊन मिळते, पुढे दासगावजवळ काळ नदी मिळते.

२२ आणि २३ जुलै २०२१ दरम्यानच्या २४ तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. हा आकडा डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून सोपं करून सांगतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. ५९४ मिलिमीटर म्हणजे फक्त एका चौरस किलोमीटरवर ५९ कोटी लिटरपेक्षा जास्त. दहा हजार लिटरचे टँकर धरले तर एकोणसाठ हजारांवर टँकर. आणि सह्याद्रीचा उतार काही एकच चौरस किलोमीटर नाही. त्या दिवशी महाडच्या बाजारपेठेत कितीतरी इमारतींचे तळमजले बुडाले, ते याच गणितामुळे.

आता यातली गोम ऐका. हवामान खात्याचा २४ तासांचा आकडा सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतात. तो बातम्यांत येईपर्यंत पाणी आपल्या दारात आलेलं असतं. म्हणून रेड अलर्ट असेल त्या दिवशी दुपारी आणि संध्याकाळी महाबळेश्वरात किंवा आंबेनळी घाटाच्या तोंडाशी ओळखीचं कुणी असेल तर सरळ फोन लावायचा. "वर कसा आहे?" एवढंच विचारायचं. "सकाळपासून थांबलाच नाही" हे उत्तर तुमच्या अंगणात ऊन असलं तरी महत्त्वाचं.

तीन आकडे

पहिला आकडा झाला वरचा पाऊस. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर म्हणजे अतिमुसळधार. त्याच्या पुढे सगळ्यात वरचा वर्ग, म्हणजे अत्यंत मुसळधार. ५९४ या पट्टीत कुठे बसतो ते बघा. वरच्या वर्गाच्या सुरुवातीच्या जवळपास तिप्पट.

दुसरा आकडा सावित्रीची पातळी. महाडला इशारा पातळी ६ मीटर आणि धोका पातळी साडेसहा मीटर. दोन्हींत फक्त अर्ध्या मीटरचा फरक आहे, म्हणजे गुडघाभर. जिल्ह्याच्या पूर अहवालात ही पातळी येते, आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही फिरते. पण नुसती पातळी वाचू नका, ती किती वेळात किती चढली ते बघा. दोन तासांपूर्वीची पातळी आणि आत्ताची पातळी, दोन्ही वेळेसकट लिहून ठेवा. पाच मीटरवर स्थिर असलेली नदी आणि पाच मीटरवरून भराभर चढणारी नदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रुपवर फॉरवर्ड करताना वेळ टाका, ही माझी हात जोडून विनंती. रात्री अकराला फिरणारा संध्याकाळी सहाचा आकडा माणसांना झोपवतो.

तिसरा आकडा भरतीची वेळ, आणि हा आपण विसरतो. एकेकाळी भरतीच्या पाण्यावर महाडपर्यंत गलबतं यायची, महाड बंदर होतं. म्हणजे समुद्राचा हात इथपर्यंत पोचतो. वरून पूर आलाय आणि खालून बाणकोटच्या खाडीत भरती चढतेय, तर पाण्याला उतरायला जागाच नाही. ते पसरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती मोठी असते. २२ जुलै २०२१ ला पौर्णिमा दोन दिवसांवर होती.

भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब आहे, तिथीला पाऊणने गुणायचं. एकादशी असेल तर अकरा गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाआठच्या सुमारास, सकाळी आणि रात्री. पौर्णिमेला साधारण अकरा-बारा. हा किनाऱ्याचा अंदाज झाला, महाडपर्यंत पोचायला त्याहून उशीर लागतो. मोबाईलवर भरतीचं वेळापत्रक मिळतंच, पण नेट नसेल तेव्हा भिंतीवरची दिनदर्शिका पुरते.

तिन्ही आकडे एकदम वाईट असतील, म्हणजे वर पाऊस थांबत नाही, पातळी चढतेय आणि भरती रात्रीची आहे, तर भोंग्याची वाट बघू नका. उजेड असताना आवरायला घ्या.

शहरात: वर, आणि अंधाराआधी

सुकट गल्ली, बाजारपेठ, दस्तुरी नाका इथल्या लोकांना मी काय शिकवणार? पण क्रम सांगतो, कारण घाईत क्रम चुकतो.

आधी माणसं. म्हातारी माणसं, आजारी, बाळंतीण, लहान मुलं यांना दुपारीच वरच्या मजल्यावरच्या किंवा उंचावरच्या नातेवाइकांकडे पोचवा. मग गाड्या उंच जागी लावा. मग कागदपत्रं, औषधं, पिण्याचं पाणी आणि दोन दिवस न शिजवता खाता येईल असं खाणं वर न्या. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून सिलिंडर वर न्या किंवा बांधून ठेवा, कारण रिकामा होत आलेला सिलिंडर पाण्यावर तरंगतो. इन्व्हर्टरची बॅटरी खाली ठेवू नका. खालच्या मजल्याचा मेन स्विच पाणी यायच्या आधी बंद करा. पाय पाण्यात असताना मीटरला हात लावायचा नाही. टीव्ही, फ्रिज शेवटी. राहिला तर राहिला.

फोनचं थोडं माझ्या धंद्यातलं सांगतो. लाईट गेली की मोबाईलचा टॉवर बॅटरीवर चालतो, मग जनरेटर असेल तर डिझेलवर. पुरात डिझेल पोचत नाही. म्हणजे लाईट गेल्यावर नेटवर्कही काही तासांचंच सोबती आहे असं धरून चाला. शिवाय रेंज कमी असली की फोन टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी लवकर संपते. घरात चार फोन असतील तर एक चालू ठेवा, तीन बंद. व्हिडिओ पाठवायचा मोह आवरा. नेट अडकलं तरी साधा एसएमएस बऱ्याचदा जातो. "आम्ही पाचही जण वरच्या मजल्यावर, रात्री ९" एवढा मेसेज मुंबई-पुण्याच्या एकाच नातेवाइकाला पाठवा आणि बाकीच्यांना त्यांनी कळवावं असं आधीच ठरवून ठेवा. जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७, पोलिसांचा ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८, हे नंबर कागदावर लिहून भिंतीला लावा.

रस्त्यावर असाल तर थांबा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि दोन एसटी बस माणसांसकट नदीत गेल्या. अंधारात, पावसात पूल आहे की नाही हे ड्रायव्हरला दिसत नाही. नवा पूल २०१७ च्या जूनमध्ये सुरू झाला, पण धडा सगळ्याच पुलांना आणि साकवांना लागू आहे. पाणी पुलाला टेकलं असेल तर पलीकडे जायचं नाही. घरी उशीर झाला तर झाला.

वाडीत: इथे गणित उलटं होतं

आता पोलादपूर तालुका, आणि महाडच्या डोंगराकडच्या वाड्या. शहरात शिकलेला धडा आहे वर चढा. डोंगराच्या पायथ्याच्या वाडीत तोच धडा घात करतो. घर उंचावर आहे, नदी लांब आहे, म्हणजे आपण सुरक्षित, असं वाटतं. पण तिथे धोका मागच्या उतारातून येतो.

२५-२६ जुलै २००५ ला दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन इथे दरडी कोसळल्या, दीडशेहून जास्त माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला तळियेत ऐंशीहून जास्त. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीतही माणसं गेली. शहराच्या पुराला काही तास मिळतात. दरडीला मिनिटंही मिळत नाहीत.

होतं काय, तर खाली काळा कातळ आणि वर झिजलेली माती. अनेक दिवसांच्या पावसाने माती पाणी पिऊन जड होते, आतल्या पाण्याच्या दाबाने तिची कातळावरची पकड सुटते आणि अख्खा उतार एकदम निघतो. रस्त्यासाठी किंवा घरासाठी पायथा कापला असेल तर खालचा आधारही गेलेला असतो.

खुणा लक्षात ठेवा. जमिनीला किंवा भिंतीला नवी भेग. झाड, खांब, कुंपण कललेलं. दार अचानक अडकायला लागणं. पूर्वी नव्हतं तिथे पाणी उमळणं. ओढ्याचं पाणी एकदम गढूळ होणं, किंवा भर पावसात अचानक कमी होणं. यातली एक जरी खूण दिसली तरी निघायचं. ओढ्याच्या वाटेने खाली धावायचं नाही, कारण दरड ओढ्याचीच वाट धरते. उतारापासून बाजूला व्हायचं.

पण खूण दिसेलच असं नाही, आणि रात्री तर दिसतच नाही. १९ जुलै २०२३ ला खालापूर तालुक्यातलं इर्शाळवाडी रात्रीच गेलं. म्हणून वाडीला स्वतःचा आकडा हवा. सरळ भिंतींचा एक डबा उघड्यावर ठेवा. बादली नको, ती वर रुंद असते आणि आकडा फुगवते. रोज सकाळ-संध्याकाळ फूटपट्टीने मोजा आणि ओता. माझा ठोकताळा असा: आधीचे दोन-तीन दिवस पाऊस लागून राहिलाय आणि आज दिवसभरात डब्यात दहा सेंटिमीटर पाणी जमलं, तर रात्र उताराखालच्या घरात काढायची नाही. हा शास्त्राचा नियम नाही आणि त्याहून कमी पावसातही दरड येऊ शकते. पण "बघू" म्हणण्यापेक्षा ठरलेला आकडा बरा.

आता तुम्ही म्हणाल, गोठ्यातली गुरं? कणगीतलं भात? आणि दरवर्षी चार वेळा शाळेत जाऊन झोपलो, काहीच झालं नाही, त्याचं काय? हे प्रश्न खरे आहेत, लोक याच कारणांनी थांबतात. म्हणून जाणं सोपं करून ठेवा. गुरं कुठे बांधायची ती जागा जूनमध्येच ठरवा, भाताची दोन पोती आधीच हलवा, आजीला कोण उचलणार त्याचं नाव ठरवा. आणि काही झालं नाही म्हणजे फेरी फुकट गेली असं मोजू नका. एसटीत तिकीट काढतो आणि अपघात होत नाही, म्हणून विमा वाया गेला असं कुणी म्हणत नाही.

यात अजून एक गोष्ट आहे. महाडात पाणी भरलं की वाडीकडे जाणारी मदतही अडते. २०२१ ला तळियेपर्यंत बचाव पथक पोचायला दुसरा दिवस उजाडला, कारण रस्ते पाण्याखाली आणि संपर्क तुटलेला. ज्या रात्री वाडीला मदत लागणार, नेमकी त्याच रात्री ती येऊ शकणार नाही. म्हणून वाडीने शहराच्याही आधी निर्णय घ्यायचा असतो.

पाणी उतरल्यावर

घरात शिरायच्या आधी भिंती बघा, मेन स्विच बंद आहे ना बघा, काठीने गाळ चाचपा, साप असतात. साफ करायच्या आधी प्रत्येक खोलीचे फोटो काढा, पाण्याची रेघ दिसेल असे. पंचनाम्याला आणि विम्याला तेच लागतात. मग गाळ ओला असतानाच काढा, वाळला की दगड होतो. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, आणि पुरानंतर ताप आला तर लेप्टोची शंका धरून सरकारी दवाखान्यात जा, अंगावर काढू नका. विहिरीचं पाणी शुद्ध केल्याशिवाय पिऊ नका.

तर या आठवड्यात दोन कामं करा. महाडात राहत असाल तर वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याशी आत्ताच बोलून ठेवा, "वेळ आली तर आम्ही सहा जण येऊ" म्हणून. वाडीत राहत असाल तर डबा ठेवा आणि तो कोण मोजणार ते ठरवा. तुमच्या गावचा काही वेगळा हिशेब असेल, कुठल्या दगडाला पाणी लागलं की निघायचं असा, तर आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. पुढच्या भागात ते ऐकवतो. भेटू.